सम येण्याआधी हेडफोन बदला

घरात एक धडधाकट, चांगला वाजणारा हेडफोन आहे आणि तरीही तुम्हाला रात्री झोप लागते? मग तुमच्यात काहीतरी कमी आहे. घाबरू नका, इलाज आहे. गेल्या रविवारी आमचे भाचेजावई तीन हेडफोन, दोन ॲम्प (आवाज वाढवणारे ॲम्प्लिफायर) आणि एक चांदीची केबल एवढा ऐवज एका पेटीत घालून आमच्याकडे इंदूरला राजेंद्र नगरात आले. साडेनऊला आले, दोनला गेले. त्या साडेचार तासांत मला जे ज्ञान झालं ते एकट्याने पचवण्यासारखं नाही. शिवाय जावयाला तोंडावर काही बोलायची आपल्यात पद्धत नाही. म्हणून जे बोलायचं ते तुमच्याशी.

सुरुवात आपल्याकडे जे आहे त्याची लाज वाटण्यापासून करावी. माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६०० आहे. १९९७ साली बाजारात आलेलं मॉडेल, अजून विकलं जातं. केबल ओढली की हातात येते, गाद्या हाताने निघतात, पेचकस लागत नाही, भाग सुटे मिळतात. म्हणजे बघा, केवढी गैरसोय! जी वस्तू दुरुस्त होते ती माणसाने टाकायची कधी? भाचेजावयांनी तो दोन बोटांनी उचलला, माळ्यावर सापडलेल्या कंदिलासारखा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "मामा, याला आता एंट्री लेव्हल म्हणतात." माझा एका दिवाळीचा अख्खा बोनस त्यात गेला होता. एंट्री लेव्हल.

गाद्या बसल्या आहेत हे कुणाला कळू देऊ नका. माझी चूक झाली ती इथेच. हेडफोनच्या कानाच्या गाद्या वर्षानुवर्षं दाबून चपट्या होतात. मग आतला आवाज काढणारा ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, कडेची फट वाढते आणि आवाजाचा तोल बिघडतो. नव्या गाद्या बसवल्या की काम झालं. एवढंच हवं होतं मला, दोन गाद्या. त्यासाठी जेल रोडला चार दुकानं पालथी घातली. तीन ठिकाणी "नहीं आती" एवढंच ऐकलं. चौथ्या ठिकाणी काउंटरवरचा पोरगा अगदी कळवळून म्हणाला, "अरे अंकल, गद्दी कौन बदलता है? नया ले लो भिया, किस्त हो जाएगी." दोन गाद्यांसाठी हप्ते! हे सगळं मी भाचीकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो असताना बोलून बसलो. जावयांचे डोळे चमकले. म्हणाले, "मामा, तुम्ही काही घेऊ नका. मी रविवारी येतो. आपण तुलना करू."

तुलना करताना सगळ्या हेडफोनांचा आवाज एका पातळीवर आणण्याचा वेडेपणा करू नका. दोन आवाज अगदी सारखे असले आणि त्यातला एक जरासाच मोठा असला, तरी कानाला तो जास्त चांगला वाटतो. आता माझा हेडफोन ३०० ओहमचा, त्याला व्होल्टेज जास्त लागतं. जावयांचे कमी ओहमचे, एवढ्याशा रेट्यात गर्जणारे. ॲम्पची कळ जिथे आहे तिथेच ठेवायची, प्लग तेवढे बदलायचे. नवा जिंकतो, जुना हरतो. याला शास्त्रशुद्ध तुलना म्हणतात.

केबल नेहमी हेडफोनपेक्षा महाग असावी.

आपण म्हातारे झालो हे कानांना कळवू नका. हेडफोनच्या खोक्यावर ४० किलोहर्ट्झ, ५० किलोहर्ट्झ असं छापलेलं असतं. माणसाचा कान तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत जातो, मग वयाबरोबर वरून खाली झिजत येतो. मी मोबाइलवर चाचणी करून पाहिली. बारा किलोहर्ट्झच्या वर मला शांतता आहे. शेजाऱ्यांच्या कुत्र्याने मात्र मान वळवली. तेव्हा पन्नास किलोहर्ट्झपर्यंतचा हेडफोन कुणासाठी घ्यायचा हे स्पष्टच आहे. (एक जुनी खबर म्हणजे सेनहायझरचा हेडफोनांचा धंदा विकत घेण्याचा सौदा २०२१ मध्ये सोनोव्हा या स्विस कंपनीने केला. सोनोव्हा काय बनवते? बहिऱ्यांची कानातली यंत्रं. दूरदृष्टी म्हणतात ती ही.)

वाचन टाळा. २०१७ साली अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्राच्या एका नियतकालिकात ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाचा निबंध आला होता. २८३ हेडफोन मोजले, आणि कुठला स्वर किती जोरात वाजतो याचा आलेख व दुकानातली किंमत यांचा एकमेकांशी काही संबंध आढळला नाही. असली माणसं समाजाला मागे नेतात. मी हे जावयांना सांगितलं. ते म्हणाले, "मामा, मोजमापात सगळं येत नाही हो." बरोबर आहे. मोजमापात येत नाही, कानाला कळत नाही, ते फक्त बिलात येतं.

नवा हेडफोन आवडला नाही तर तो आधी दोनशे तास वाजवून 'मुरू' द्यावा. दोनशे तास म्हणजे आठ दिवस आठ तास. परत करायची मुदत सात दिवसांची असेल तर त्याला योगायोग म्हणावं.

एक दैवत हवं. जावयांच्या मोबाइलवर सेनहायझरच्या एचई १ या हेडफोनचा फोटो आहे, इटलीतल्या काराराच्या संगमरवरात बसवलेला, वर काचेच्या नळ्या. आला तेव्हा किंमत पन्नास हजार डॉलरच्या वर. त्याचा पूर्वज १९९१ चा ऑर्फियस, तो तीनशेच नग. जावई ते मला अशा स्वरात सांगत होते की मी नकळत पायातल्या चपला काढल्या.

हेडफोन उघड्या पाठीचाच घ्या. त्यातून आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं. आवाज कसा मोकळा, हवेशीर लागतो! खोली शांत हवी एवढीच अट. आपलं शहर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं याचा अभिमान बाळगा आणि सकाळी कचरागाडीचं गाणं तुमच्या मारवा रागात मिसळू द्या. नंतर वरचा कुकर. नंतर समोरच्यांच्या हळदीचा डीजे, तोही दिवसाढवळ्या. नियमाप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. २००० साली केलेला नियम आहे, कुणी वाचायचा?

आता मुख्य गोष्ट. 'साउंडस्टेज', म्हणजे कुठलं वाद्य कुठे बसलंय याचा कानाला होणारा भास, हा शब्द दर तीन मिनिटांनी आला पाहिजे. काय वाजतंय याला महत्त्व नाही. जावयांनी विचारलं, "मामा, तुमच्या आवडीचं काही लावू?" मला भरून आलं. म्हटलं, अमीर खाँसाहेबांचा मारवा लावा. ज्यांच्या गाण्याला आपल्या शहराचं नाव लागलं, त्यांचा आवाज आपल्याच शहरात, रविवारी सकाळी. वेळ चुकीची, मारवा संध्याकाळचा. पण जावयांनी विचारलंय तर म्हटलं चालेल. १९६० ची ती एलपी वडिलांनी घेतलेली, घासून घासून पांढरी झालेली. जावयांकडे तिचीच डिजिटल प्रत निघाली.

लावली. वीस सेकंद झाली. माझ्या डोक्यावरून हेडफोन उचलला, दुसरा ठेवला. "आता बघा, तबला डावीकडे सरकला की नाही? आणि हार्मोनियम कसं मागे गेलं, पार भिंतीच्या पलीकडे?" अहो, ती मोनो तबकडी आहे! मोनो! दोन्ही कानांत एकच सिग्नल येतो. तबल्याला डावीकडे जायला जागाच दिलेली नाही, तो सरकणार कुठे? मी म्हटलं, "मोनो आहे हो ते." तर म्हणाले, "तेच तर मामा, मोनोतही स्टेज दाखवतो हा!" यावर काय बोलायचं? मी पोह्यांची डिश पुढे केली. त्यांनी चाखायच्या आधीच त्यावर दोन चमचे जिरावण मसाला टाकला. हिने केलेले पोहे, चव न बघता. तेव्हाच मला सगळं कळायला हवं होतं.

मग पुन्हा सुरुवातीपासून मारवा. वीस सेकंद. हेडफोन बदल. पुन्हा सुरुवातीपासून. वीस सेकंद. ॲम्प बदल. झूमरा ताल चौदा मात्रांचा असतो, आणि खाँसाहेबांची ती अतिविलंबित लय. एक आवर्तन होईपर्यंत चहा निवतो. वीस सेकंदांत सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, येत नाही. येऊच शकत नाही. त्यात मारवा. या रागात षड्ज, म्हणजे 'सा', दडवून ठेवतात. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर गाणारा रेंगाळत राहतो, आपल्याला अधांतरी ठेवतो, आणि खूप वेळाने एकदा षड्जावर येतो तेव्हा घर सापडल्यासारखं होतं. त्या घरासाठी तर सगळा खटाटोप. रविवारी मी मारवा अठरा वेळा ऐकला. मोजले आहेत. अठरा वेळा खाँसाहेब निघाले आणि अठरा वेळा त्यांना दारातूनच परत बोलावलं. एकदाही सम नाही. एकदाही षड्ज नाही. आणि दर वेळी वरून प्रश्न, "फरक जाणवला?"

जाणवला. फार जाणवला.

सव्वाअकराच्या सुमारास तर कळसच झाला. फोन आला म्हणून जावई बाल्कनीत गेले होते. परत आले, तिसरा हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि मान डोलवत म्हणाले, "आहाहा मामा, ही चांदीची केबल! वरचे स्वर कसे उघडले बघा. ही साध्या वायरची कामं नाहीत." मी बघत राहिलो. दोनला वाढदिवसाला जायचं आठवलं तशी घाईघाईत पेटी भरली आणि जाता जाता दारातून सल्ला, "मामा, तुम्ही अपग्रेड कराच. दीड लाखाच्या आत छान येईल."

पुरे झाला आता उपदेश. मला हे सोंग झेपत नाही.

अहो जावईबापू, ऐकायचं असतं ते! चाखून थुंकायची ती वस्तू नाही. दीड लाख तुमचे आहेत, खुशाल खर्च करा, तुमच्या पगाराबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्याकडे चार हेडफोन आहेत आणि एक राग तुम्ही शेवटपर्यंत ऐकलेला नाही, हे तुमच्या बायकोने मला सांगितलंय. माझ्या भाचीने. लग्नाआधी ती खंडवा रोडच्या सभागृहात पहाटेच्या मैफलीला माझ्याबरोबर येऊन बसायची, थंडीत, शाल गुंडाळून, आणि सम आली की माझा हात दाबायची. आता म्हणते, घरात गाणं लागलं की यांचं आपलं "बेस ऐकलास?" सुरू. वैताग आणलाय तुम्ही तिला. गाणारा अर्ध्या तानेत असतो आणि तुम्ही उठून वायर बदलता. मैफलीत कुणी असं केलं असतं तर त्याला दंडाला धरून बाहेर काढलं असतं. माझ्या वडिलांनी त्या तबकडीवर सुई ठेवली की बाजू संपेपर्यंत घरात कुणाची खोकायची हिंमत नसायची. त्यांच्याकडे एकच स्पीकर होता, त्याची जाळी फाटलेली. आणि त्यातून त्यांना जे मिळालं ते तुम्हाला या पेटीतून अजून मिळालेलं नाही, कारण तुम्ही थांबतच नाही.

माझं ऐका. पुढच्या रविवारी या, पण संध्याकाळी या, भाचीला घेऊन या आणि पेटी घरी ठेवा. गाद्या मी मागवल्या आहेत, तोवर येतील.

आणि हो, केबल न्यायची तुमची राहिली. ती टीपॉयच्या खणात आहे. अकरा वाजता तुम्ही बाल्कनीत होतात तेव्हा माझ्या हातून तिच्यावर चहा सांडला. मी ती पुसून तिथे ठेवली आणि हेडफोनबरोबर आलेली साधी काळी वायर लावून दिली. सांगणारच होतो, पण तुम्ही डोळे मिटलेत.