खुलासा: स्वीडनने ‘फक्त म्हाताऱ्यांना जपलं’ हा मेसेज चुकीचा
‘कोरोनात स्वीडनने फक्त वृद्धांना वेगळं ठेवलं, बाकी सगळं चालू ठेवलं आणि वृद्ध वाचले’ असा मेसेज फिरतोय. तो खरा नाही. मार्च २०२० मध्येच तिथे विद्यापीठं ऑनलाइन गेली, ५० हून जास्त लोकांच्या जाहीर कार्यक्रमांवर बंदी आली. वृद्धाश्रमांतल्या भेटी १ एप्रिलपासून देशभर बंद झाल्या. तरी संसर्ग आत शिरला, कारण आंघोळ घालायला, भरवायला येणारे कर्मचारी रोज बाहेरूनच येत. सरकारनेच नेमलेल्या कोरोना आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये वृद्धांचं संरक्षण फसल्याचं नोंदवलं आणि समाजातला एकूण प्रसार हे मुख्य कारण दिलं. मेसेज आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका, ग्रुपवर टाकला असेल तर काढा.