मधली वाटी

व्हिएतनामहून येऊन तीन आठवडे झाले, फोटो टाकून झाले, पण एका जेवणाबद्दल लिहायचं राहिलंय आणि ते काही डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज लिहितेच. पोस्ट मोठी आहे.

हो ची मिन्ह सिटीत (तिथली माणसं बोलताना अजून सायगॉनच म्हणतात) शेवटच्या रात्री आईला एका महागड्या मॉडर्न व्हिएतनामी रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेले. तिला सत्तर पूर्ण झाली, त्याचं निमित्त. अकरा कोर्सचा टेस्टिंग मेन्यू, माणशी २२ लाख डाँग म्हणजे आपले साधारण ७ हजार रुपये. बीफ-पोर्क नको हे बुकिंग करतानाच कळवलं होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत नीट सांभाळलं, वाढणारी मुलंही फार गोड होती. जागेचं नाव लिहीत नाही, कारण मला जे खटकलं ते त्या एका जागेपुरतं नाहीये.

आणि किमतीबद्दल तर माझी अजिबात तक्रार नाही. "रस्त्यावर ६० हजार डाँगला फो मिळतो मग तिथे कशाला" असं मला दोघातिघांनी ऐकवलं (फो म्हणजे तिकडचं नूडल्सचं सूप). का बरं? फ्रेंच जेवणाला, सुशीला एवढे पैसे मोजताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. ज्या हनोईत युद्धाच्या दिवसांत सरकारी दुकानांतून मांसाचा तुकडाही नसलेला फो मिळायचा आणि लोक त्याला "बिनपायलटचा फो" म्हणायचे, कारण अमेरिकेची बिनपायलटची टेहळणी विमानं डोक्यावर घिरट्या घालत असायची, आणि युद्ध संपल्यावरही १९८६ च्या दोई मोई नावाच्या आर्थिक सुधारणा येईपर्यंत कुपनं घेऊन रांगा लावाव्या लागल्या, त्या देशाने आपलं जेवण हवं तेवढं महाग विकावं. मी आनंदाने देईन.

मला खटकलं ते वेगळंच, आणि ते आईमुळे लक्षात आलं.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही एका साध्या खानावळीत बान्ह सेओ खाल्लं. तांदळाचं पीठ, हळद, दक्षिणेकडे त्यात नारळाचं दूधही घालतात, तव्यावर पातळ पसरायचं आणि आत कोळंबी नि मोड. थोडक्यात आपलं घावनच, फक्त पिवळं, मोठं आणि कडेने एकदम कुरकुरीत. बान्ह सेओमधलं "सेओ" म्हणजे पीठ तव्यावर पडल्यावर येणारा आवाज, आपलं चर्र! पदार्थाचं नावच आवाजावरून. आणि बरोबर काय, तर पाल्याचा हा एवढा ढीग. मोहरीची मोठी पानं, लेट्यूस, तुळशीच्या जातीची पानं, जांभळट तिआ तो, एक तर असं की चावल्यावर चक्क माशाचा वास. आई काटा-चमचा शोधत होती तर खानावळीतल्या मावशी आल्या, भाषा नाही काही नाही, त्यांनी आईचा हात धरला, तळहातावर मोहरीचं पान ठेवलं, त्यावर घावनाचा तुकडा, त्यावर दोन-तीन प्रकारचा पाला, गुंडाळलं आणि वाटीतल्या नुओक चाममध्ये बुडवून खा म्हणून खूण केली. नुओक चाम म्हणजे फिश सॉस, लिंबू, साखर, पाणी, लसूण, मिरची. आई रत्नागिरीची, सुकटीच्या वासात वाढलेली, तिला त्या सॉसबद्दल काहीच सांगावं लागलं नाही. चौथ्या घासाला तिने स्वतःचं प्रमाण ठरवलं होतं, तिआ तो जास्त आणि तो माशाच्या वासाचा पाला बाजूला.

आता रेस्टॉरंट. चौथा कोर्स बान्ह सेओ. काळ्या दगडी ताटलीत दोन इंचांचं, फुलासारखं वळलेलं, वर हिरव्या जेलचे तीन ठिपके (हाच तो पाला!) आणि फिश सॉसचा फेस. फू क्वोक बेटावरचा फिश सॉस, बारीक मासे आणि मीठ साधारण तीनास एक प्रमाणात लाकडाच्या प्रचंड पिंपात वर्षभर मुरवून काढलेला. हे सगळं त्या मुलाने मनापासून समजावून सांगितलं, मग म्हणाला एका घासात खा. खाल्लं. चव खरंच अफाट होती, खोटं कशाला बोलू. पण आवाज आत किचनमध्येच राहिला, पाला जेल होऊन आला आणि आई हात मांडीवर ठेवून बसली होती. मला म्हणाली, "अगं, मला काही करायलाच ठेवलं नाही यांनी."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यात आहे.

कारण व्हिएतनामी जेवण मुळात खाणाऱ्याने पुरं करायचं जेवण आहे. घरचं जेवण म्हणजे माम कम, एका मोठ्या थाळ्यात भात सोडून सगळं एकदम येतं, एक मासा, एक पालेभाजी, एक कान्ह म्हणजे पातळ सूप, आणि मध्ये नुओक मामची म्हणजे फिश सॉसची एक वाटी, सगळ्यांची मिळून एकच. जेवायला बसल्यावर, उत्तरेकडे विशेषतः, घरातली लहान मुलं एकेका मोठ्या माणसाला "आजी जेवा, आजोबा जेवा" म्हणतात आणि मगच घास घेतात. हनोईचा फो तेवढा बऱ्यापैकी तयार होऊनच येतो, पण सायगॉनमध्ये तोही पाला, मोड, लिंबू, मिरची शेजारी घेऊन येतो, तुझं तू बघ. एकामागून एक प्लेट आणायची पद्धत युरोपची, आणि तिच्यात जेवण बसवलं की पहिली जाते ती ही मधली वाटी. आपल्या पानाच्या डाव्या बाजूचं बघा नं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं तिथे शोभेला नसतं, वरणभाताला किती लिंबू पिळायचं हे जेवणारा ठरवतो. उद्या कुणी चटणीचे तीन ठिपके ठेवून वरणभात एका घासात खायला दिला तर मला तसंच रिकामं वाटेल.

आणि मग आठवा कोर्स आला. खो क्वेत. मेकाँगच्या खोऱ्यातल्या गरीब शेतकऱ्यांचा पदार्थ, मातीच्या बोळक्यात फिश सॉस आणि साखर आटवून घट्ट करायची, सुकी कोळंबी, मिरी, एरवी डुकराची चरबी असते पण आमच्यासाठी तेलात केलं होतं. उकडलेली भेंडी, गाजर, दुधी, आणि भाताची खरवड कुरकुरीत करून! बोळकं टेबलाच्या मधोमध ठेवलं, ताटल्या नाहीत, ठिपके नाहीत. आईने भेंडी बुडवली, मी खरवड, मग दोघींनी एकदमच हात घातला. वाढणारा मुलगा म्हणाला, माझी आजी पाऊस लागला की हेच करायची. बाकीचे कोर्स मला आता नीट आठवतही नाहीत, म्हणजे गोडाचं कॉफीचं काहीतरी होतं, छान होतं. पण हे आठवतं. अकरातला सगळ्यात गरिबाघरचा पदार्थ, आणि तोच त्या पैशांना सगळ्यात जास्त न्याय देणारा.

म्हणजे जमतं. रेस्टॉरंटना स्टार देणाऱ्या मिशेलिन गाइडने व्हिएतनामची पहिली यादी २०२३ मध्ये काढली तेव्हा चौघांनाच स्टार मिळाला, आणि त्यातलं हनोईचं ताम वी चक्क उत्तरेकडच्या घरगुती जेवणासाठी ओळखलं जातं. तिकडे घरोघरी शेतातले खेकडे कुटून त्यात मायाळूची पानं घालून कान्ह करतात. मायाळू! आपल्याकडे परसात वाढते तीच. पुढच्या वेळी हनोई करायचंय ते त्यासाठीच. असले पदार्थ उत्तम मालाने, उत्तम हाताने करा, सुंदर भांड्यांत वाढा, ७ हजार काय १० हजार घ्या, पण पाला पाला म्हणूनच द्या आणि वाटी मध्ये ठेवा.

गेल्या रविवारी आईने घरी खो क्वेत करून बघितलं. फिश सॉस आणला होताच, साखरेऐवजी गूळ, आणि तिकडच्या सुक्या कोळंबीच्या जागी आपले सोडे. भात मुद्दाम खाली लागू दिला. भेंडी संपली, खरवड संपली, तर चपातीने बोळकं पुसून घेतलं आम्ही. सोडे संपलेत, मामा रत्नागिरीहून येतोय त्याला सांगून ठेवलंय.