एकाच गुन्हेगाराचा शोध

२०२३ साली नॉर्वेच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांमध्ये ६ कोटी २८ लाख साल्मन मासे मेले, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. हा आकडा कुणा आंदोलकाचा नाही, इथल्या पशुवैद्यकीय संस्थेच्या वार्षिक अहवालातला आहे. तो सांगितला की भारतातल्या मित्रांचा प्रश्न ठरलेला: "कसली साथ आली होती?"

तशी साथ कुठलीच नव्हती. हिवाळ्यात माशांच्या अंगावर खोल व्रण पडतात, तेच घ्या. ते करणारा मॉरिटेला नावाचा जिवाणू समुद्रात एरवीही असतोच. पण आधी माशांना उवा, म्हणजे अंगाला चिकटणारे बारीक समुद्री परजीवी, लागतात. औषधांना त्या दाद देईनाशा झाल्या आहेत, म्हणून मासे पंपाने ओढून ब्रशखालून, पाण्याच्या झोताखालून किंवा ३० अंशांच्या आसपास तापवलेल्या पाण्यातून काढतात. त्यात उवा पडतात, पण त्यांच्याबरोबर खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थरही जातो. पाणी आठ अंशांखाली असेल तर जखम भरत नाही आणि जिवाणूला दार उघडं मिळतं. कल्ले अमीबाने आधीच खराब झाले असतील, तर या धावपळीत मासा गुदमरतो. हृदयाचा विषाणूजन्य आजार अंगात असेल, तर पंपातून जाताना हृदयच फुटतं. आता मारलं कुणी? उवेने, यंत्राने, थंडीने की विषाणूने? हृदय आणि स्नायूंना सूज आणणारा एक विषाणू तर इथल्या बहुतेक पाळीव साल्मनमध्ये सापडतो, आजारी मात्र थोडेच पडतात.

आपल्याकडे पंचगंगेत मेलेले मासे तरंगले की दोन तट पडतात. एक म्हणतो कारखान्याचं पाणी, दुसरा म्हणतो शहराचं सांडपाणी. उन्हाळ्यात आटलेला प्रवाह, तापलेलं पाणी आणि पहाटे घटलेला ऑक्सिजन यांची बाजू घेऊन भांडायला कुणी येत नाही. तरीही मला त्या भांडणाचा पूर्वीसारखा राग येत नाही. नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे कुणी हलत नाही, हे भांडणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. शिवाय "कारणं अनेक आहेत" हे वाक्य किती सोयीचं असतं ते मी इथे नॉर्वेत पाहतो. कारणं दहा असली की दहाही जण सुटतात, आणि इथला मत्स्योद्योगही ते वाक्य फार प्रेमाने वापरतो.

एका रोगावर एक उपाय, हा हिशेब इथे पूर्वी जमलाही होता. १९८७ च्या सुमारास नॉर्वेतल्या मत्स्यपालनात वर्षाला पन्नास टनांच्या घरात प्रतिजैविकं लागत. लसी आल्या, आणि उत्पादन अनेक पटींनी वाढूनही आज ती एक टनाच्या आत आहेत. सोपे शत्रू असे संपले. उरलेत ते एकमेकांचा हात धरून येणारे.

कायदा मात्र अजून एकच गोष्ट मोजतो. २०१७ पासून किनाऱ्याचे तेरा विभाग करून त्यांना हिरवा, पिवळा, लाल रंग दिला जातो. लाल मिळाला की उत्पादन सहा टक्के कमी करायला सांगता येतं. रंग कशावरून ठरतो? पिंजऱ्यांतल्या उवांमुळे जंगली साल्मनची किती पिल्लं मरतात, यावरून. जंगली साल्मन वाचायलाच हवेत, पण पिंजऱ्यात किती मेले याचा त्या रंगाशी संबंध नाही. शिवाय प्रत्येक ठिकाणी माशामागे सरासरी अर्ध्याहून जास्त प्रौढ मादी उवा चालत नाहीत, वसंतात तर ०.२. मर्यादा पाळण्यासाठी तेच मासे पुन्हा पंपात जातात. मत्स्यवैद्यांना विचारलं की उवा काढताना झालेल्या जखमा वर्षानुवर्षं मृत्यूच्या कारणांच्या यादीत वरच्या टोकाला असतात.

समुद्राचं तापमान कुणाच्या हातात नाही, विषाणूही पुरता नाही. पंपाचं बटण मात्र आहे. माझं चाललं तर मी उवांच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे बंधनकारक करीन: तो मासा आजवर कितीदा हाताळला गेला, आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात त्या पिंजऱ्यात किती मेले. रंग तिन्ही मिळून ठरवा. उद्योग ओरडेल, आणि या वेळी "कारणं अनेक आहेत" हे त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवता येईल.