साखर तोडली की ल्युकेमिया उपाशी मरतो का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया चिडून लिहिली आहेत, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून दोन ओळींत आटपत नाही. तुमचं म्हणणं असं: कर्करोग साखरेवर जगतो हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्गने शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. मी मात्र एएमएलवरच्या (झपाट्याने वाढणाऱ्या एका रक्ताच्या कर्करोगावरच्या) लेखात मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचं, तुणतुणं वाजवलं, साखर-भात तोडण्याचा फुकटचा उपाय दडवला आणि व्हेनेटोक्लॅक्स या महाग गोळीची जाहिरात केली. मायटोकॉन्ड्रिया एवढे महत्त्वाचे, तर तेच बंद पाडणारं औषध का देत नाहीत, हाही प्रश्न. आणि ती गोळी सुरू असलेल्या तुमच्या मेहुण्यांचा भात तुम्ही बंद केलाय.

वॉरबर्गची निरीक्षणं खरी होती. गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असूनही ग्लुकोजपासून भराभर लॅक्टिक आम्ल बनवतात. लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) शोधणारा पेट स्कॅन ग्लुकोजच्या याच भुकेवर चालतो. चुकला तो अनुमानात. या पेशींचं श्वसनच, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणं, बिघडलेलं असतं, असं त्याने धरलं. एएमएलमध्ये उपचारानंतर आजार परत आणणाऱ्या मूळ पेशी तर श्वसनावरच जगतात. अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) मायटोकॉन्ड्रियात जाळतात, आणि ती वाट अडली तर ग्लुकोजवर भागवणं त्यांना नीट जमत नाही.

व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ या प्रथिनाला रोखतं. ते प्रथिन पेशीला आत्मनाशापासून वाचवतं, हे जुनं ज्ञान. कोलोरॅडोतल्या क्रेग जॉर्डन यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की अझासिटिडीन या केमोच्या औषधाच्या जोडीने हे औषध मूळ पेशींचा अमिनो आम्लांचा पुरवठा तोडतं आणि श्वसन मंदावतं. व्हायल-ए या ४३१ रुग्णांच्या चाचणीत (२०२०) मध्यक आयुर्मान एकट्या अझासिटिडीनच्या ९.६ महिन्यांवरून या जोडीने १४.७ वर गेलं. पाच महिने! जाहिरात करायची असती तर हा आकडा मी लपवला असता.

फायदा एवढाच, कारण पेशी पळवाट काढतात. औषधाला दाद न देणाऱ्या काही पेशी अमिनो आम्लांऐवजी मेदाम्लं (चरबीचे घटक) जाळू लागतात. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींसारख्या दिसणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशी बीसीएल-२ सोडून एमसीएल-१ या प्रथिनाचा आधार घेतात. ताटातलं तूप थेट त्यांच्या तोंडी जातं असं मी म्हणत नाही, पण हे वाचल्यावर कीटो (भात-साखर तोडून तूप-तेलावर भर देणारा आहार) सुचवायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आणि भात सोडून रक्तातली साखर संपत नाही. यकृत ती स्नायूंतल्या प्रथिनांपासून बनवतं. वजन घटतं ते मेहुण्यांचं.

पेशींना उपाशी मारणं अशक्य आहे असं मात्र नाही. १९५३ मध्ये जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांमधला लिम्फोमा विरघळताना दिसला. त्यामागचं विकर (एन्झाइम) म्हणजे अ‍ॅस्पॅरॅजिनेज, जे आज एएलएल (ल्युकेमियाचा दुसरा एक प्रकार) झालेल्या मुलांना देतात. ते रक्तातलं अ‍ॅस्पॅरॅजिन हे अमिनो आम्ल फोडून टाकतं. निरोगी पेशी ते घरच्या घरी बनवतात. ल्युकेमियाच्या पेशींना पुरेसं बनवता येत नाही. पण शरीर ते स्वतःच तयार करतं, त्यामुळे पथ्य पाळून हे साधलं नसतं.

मायटोकॉन्ड्रिया सरसकट बंद पाडून पाहिलंय. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये आयएसीएस-०१०७५९ हे श्वसनसाखळीचा पहिला टप्पा रोखणारं औषध तयार झालं. प्रयोगशाळेत झकास. माणसांत रक्तातलं लॅक्टेट वाढलं, मज्जातंतूंना इजा झाली, आणि सोसवेल एवढ्या मात्रेत फारसा गुण येईना. चाचण्या थांबल्या, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. मज्जातंतूंनाही तोच श्वास लागतो. व्हेनेटोक्लॅक्स निभावतं ते बीसीएल-२ वर या मूळ पेशींची भिस्त जास्त असते म्हणून. तरी निरोगी पांढऱ्या पेशी घटतातच.

तेव्हा मेहुण्यांना भात द्या, वरण द्या. पथ्य पाळायचंच तर ग्रेपफ्रूट आणि स्टारफ्रूट टाळा, त्यांनी या गोळीची रक्तातली पातळी वाढते. बुरशीविरोधी पोसाकोनॅझोल सुरू झालं तर डॉक्टर ४०० मिलिग्रॅमची मात्रा साधारण ७० वर आणतात. ते औषध गोळीचा निचरा मंदावतं, म्हणून. डोस कापला असं समजून घरी वाढवू नका.