रामबागेत आणखी घरं कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, मागच्या लेखात मी म्हटलं होतं की इंदूरच्या रामबाग, स्नेहलतागंज अशा जुन्या वस्त्यांत, बस आणि येऊ घातलेल्या मेट्रोपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरात, आणखी घरं बांधू द्यावीत. त्यावर तुम्ही लिहिलंत: वाडे पाडून मल्ट्या, म्हणजे बहुमजली इमारती, उभ्या राहणार, नर्मदेचं पाणी आधीच दिवसाआड, गाड्यांना जागा नाही. शिवाय बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, तोडली, उद्या मेट्रोही रखडली तर त्या घरांचं काय?

शेवटचा प्रश्न मला लागला. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा बीआरटीएसचा साडेअकरा किलोमीटरचा मार्ग 2013 साली सुरू झाला आणि 2025 मध्ये तो काढायला उच्च न्यायालयाने परवानगी दिली. बारा वर्षं! घर त्याच्या कितीतरी पट टिकतं. तुमची धास्ती खरी आहे. पण म्हणूनच मी जुन्या वस्तीचं नाव घेतो. रामबागेतल्या माणसाची भाजी, दवाखाना, राजवाडा, सगळं पायी होतं. बस बंद झाली तर त्याची गैरसोय होईल, बायपासपलीकडच्याचं मात्र अडूनच बसेल. आणि मेट्रो? 31 मे 2025 ला सुरू झालेला पहिला तुकडा सहा किलोमीटरचा, पाच स्थानकांचा, तोही सुपर कॉरिडॉर या शहराच्या कडेच्या नव्या रस्त्यावर, जिथे वस्ती अजून विरळ आहे.

आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती, आता तीन. चुलतभावाला मागच्या पडक्या भागावर दोन मजले चढवायचे होते. गल्ली अरुंद म्हणून नक्शा पास झाला नाही. तो बायपासजवळच्या बिचोली मर्दानाला गेला. घरात दोन स्कूटर, एक कार, आणि काकूंना इथल्या डॉक्टरकडे आणायचं तर अर्धा दिवस जातो. त्या कारचा भारही शेवटी आपल्याच रस्त्यांवर येतो ना?

वाडे पाडा असं मी म्हणत नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी 1918 साली होळकर दरबाराला इंदूरचा अहवाल दिला, त्यात त्यांचा भर हाच होता: मोहल्लेच्या मोहल्ले उठवू नका, मोडकळीला आलेलं तेवढं काढा, बाकीचं सांभाळा. मलाही तेवढंच हवंय, एकेका पडक्या जागेपुरतं.

पाण्याबद्दल तुमचं पूर्ण मान्य. आधी नळ आणि ड्रेनेज, मग परवानगी. पण नर्मदेकाठच्या जलूदहून उपसून आणलेलं तेच पाणी बायपासच्या कॉलन्यांनाही द्यावं लागतं, आणि तिथवर नवे पाईप टाकावे लागतात.

पार्किंगवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. मेट्रो-बसच्या स्थानकांभोवती दाट वस्ती वाढवण्याचं केंद्राचं 2017 चं धोरण स्थानकापासून 500 ते 800 मीटर, म्हणजे दहा-बारा मिनिटांच्या चालीचा परिसर धरतं. तिथे ज्याच्याकडे कार नाही, त्याच्या घराच्या किमतीत कारची जागा का घालायची?

तुम्हीच लिहिलंत की मुलगा निपानियाला राहतो आणि फक्त रविवारी येतो. रामबागेत त्याला परवडणारं घर मिळालं असतं, तर तो गेला असता का? त्याला विचारून मला जरूर कळवा.