वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

लीड्सला आमच्या शेजारी राहणाऱ्या वॉकर आजोबांच्या आडनावाचा अर्थ मी बरीच वर्षं 'चालणारा' असाच धरून होतो. खरा अर्थ त्यांनीच कुंपणाशी उभं राहून सांगितला. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि मेणचट असतं. ते हौदात घालून, वर पाणी आणि साठवून शिळी केलेली लघवी ओतून, अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवायचं. लघवीतल्या अमोनियानं चरबी सुटते, तुडवण्यानं वीण आवळते. हे काम करणारा तो वॉकर. त्यालाच आग्नेय इंग्लंडात फुलर म्हणत आणि नैऋत्येला टकर. एक्सेटरमधला १४७१ सालचा टकर्स हॉल अजून उभा आहे. पुढे पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे आले, पाय हौदातून सुटले, आडनाव मात्र चिकटून राहिलं. आजोबा हे सगळं सांगत होते तेव्हा त्यांची नात शेजारीच होती. तिच्या चेहऱ्यावर संकोचाची रेषसुद्धा नव्हती.

मला बीड आठवलं. २०२५ मध्ये तिथल्या पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून, जात कळू नये म्हणून, आडनावं काढली गेली. एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारा, असं सांगण्यात आलं. आमच्या घरच्या ग्रुपवर मावसभावानं लिहिलं, "हे थोतांड आहे. इंग्रजांची आडनावंही धंद्यावरूनच आहेत की!"

आहेत. पण वॉकरचा मुलगा सुतार झाला, स्मिथची, म्हणजे लोहाराची, मुलगी त्यानं केली, तर त्याला गावानं वाळीत टाकलं नाही. इथे इंग्लंडातही उच्चनीच आहे, ते बोलण्याच्या ढबीवरून जोखतात. पण आडनावावरून कुणी पंगत वेगळी मांडत नाही. आपल्याकडे परीट आडनावाचा मुलगा बँकेत मॅनेजर झाला तरी त्याचं आडनाव ऐकून समोरचा मनात जात नोंदवतो. तक्रार घेऊन आलेल्या माणसानं ठाण्यातली पाटी वाचून आपला-परका ठरवू नये, एवढ्यासाठी तरी मला बीडचा निर्णय मनापासून पटतो.

त्याच मावसभावानं मागच्या महिन्यात लेकीचा बायोडेटा पाठवला होता. नावाखाली जात, मग पोटजात, शिक्षण त्याच्याही खाली. त्या दोन ओळी काढून पुन्हा पाठव, असं मी त्याला कळवलं आहे. माझ्या पाहण्यात इथे दोन चांगली मुलं आहेत.