मामांची डेक्सा आणि तो मेसेज

गेले काही महिने नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मेंदूत गाठ असलेल्याला स्टेरॉइड देतात ते नुसतं दुखणं दाबायला. घ्यायचंच तर सौम्य स्टेरॉइड घ्या, सगळी सारखीच. बरं वाटलं की त्याच दिवशी बंद करा, नाहीतर सवय लागते. सुजेला शल्लकी (सालई झाडाच्या डिंकाचं आयुर्वेदिक औषध) पुरते.

माझ्या मामांनी तो वाचला आणि पाच आठवडे चालू असलेली डेक्सामेथासोन (डेक्सा) या स्टेरॉइडची गोळी कुणाला न सांगता सोडली. तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या, डाव्या हातातून चहाचा कप निसटला. म्हणून हे लिहिते आहे.

‘नुसतं दुखणं दाबतं.’ गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि आजूबाजूच्या मेंदूत पाणी साचतं. कवटी हाडाची, ती फुगत नाही. मग डोकं ठणकतं, हात-पाय लुळे पडतात, बोलणं अडखळतं. पुष्कळदा हा त्रास गाठीपेक्षा सुजेचा जास्त असतो. डेक्सा तो पाझर कमी करतं, म्हणजे घाव कारणावरच घालतं. १९६१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात गॅलिसिच आणि फ्रेंच या डॉक्टरांनी ते दाखवलं, आणि आजही एक ते तीन दिवसांत माणूस सावरताना दिसतो. गाठ त्याने बरी होत नाही, हे खरं. पण ऑपरेशन किंवा रेडिएशनपर्यंत माणूस नीट पोचतो. एका गाठीचा अपवाद आहे, लिम्फोमाचा (पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाचा). ती स्टेरॉइडने इतकी विरघळू शकते की बायोप्सीत, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीत, सापडत नाही. तिची शंका असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर त्या तपासणीआधी डॉक्टर मुद्दाम स्टेरॉइड देत नाहीत.

‘सगळी सारखीच.’ नाहीत. प्रेडनिसोलोन आणि हायड्रोकॉर्टिसोन ही दुसरी स्टेरॉइडं. डेक्साचे ०.७५ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५ आणि हायड्रोकॉर्टिसोनचे २०. म्हणजे ४ मिलिग्रॅम डेक्साच्या जागी प्रेडनिसोलोन साधारण २७ मिलिग्रॅम लागेल. यात सौम्य काय झालं? शिवाय हायड्रोकॉर्टिसोन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, डेक्सा जवळजवळ नाही. त्याचा असरही दीड-दोन दिवस टिकतो. निवड होते ती या कारणांनी.

मेसेजमागची भीती मात्र खोटी नाही, आणि ती हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला राग येतो. मामांची शुगर चढली. तोंडात पांढरा थर आला. महिन्याभरात मांड्यांतली ताकद इतकी गेली की पूजेला खाली बसले तर उठवायला दोघे लागायचे. यावर उत्तर आहे ते डोसात. मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवर १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदू दाबला जाण्याचा तातडीचा धोका नसलेल्यांना दिवसाला ४ मिलिग्रॅमने आठवड्यात जवळपास १६ मिलिग्रॅमइतकाच फरक पडला, आणि १६ वाल्यांना त्रास जास्त झाला. स्कॅनमध्ये सूज आहे पण त्रास काही नाही, अशांना बहुधा स्टेरॉइड लागतच नाही. डोक्याला मार लागून आलेल्या सुजेची तर गोष्टच वेगळी. २००४ च्या, दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले.

‘त्याच दिवशी बंद करा.’ या एका ओळीने माणूस दगावू शकतो. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम थांबवतात. काही आठवड्यांनी गोळी एकदम तोडली, तर सूज परत येऊ शकते, वर रक्तदाबही कोसळू शकतो. मामांचं दोन्ही झालं. याला व्यसन म्हणत नाहीत. झोपलेल्या ग्रंथीला जागं व्हायला वेळ द्यावा लागतो, इतकंच.

शल्लकीबद्दल: २०११ साली ४४ रुग्णांवर एक चाचणी झाली. रेडिएशनच्या जोडीने रोज ४,२०० मिलिग्रॅम अर्क दिला, आणि सूज खरंच अधिक उतरली. पण त्या रुग्णांनाही डेक्सा चालूच होतं आणि त्याच्या डोसात ठळक फरक पडला नाही. जोडीला चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. डेक्साच्या जागी ती घेण्याचा आधार त्या चाचणीत नाही.

दवाखान्यातून परतल्यावर मामींनी कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवला. अर्ध्या मिलिग्रॅमच्या बारक्या गोळ्या, सुरुवातीला आठ, मग सहा, मग चार. निम्म्या सकाळी नाश्त्यानंतर, निम्म्या दुपारी जेवून. रात्री एकही नाही, झोप उडते म्हणून. रोज मामा स्वतः पेन्सिलीने खूण करायचे. दोन गोळ्यांवर आले त्या दिवशी त्यांचं डोकं पुन्हा दुखलं. मामींनी लगेच फोन लावला, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून तक्ता आठवडाभर चारवर थांबला.